प्लास्केटचं कोडं, स्टॉकफिश आणि लीला: आठ महिन्यांनंतर

स्टॉकफिश आणि लीला ही बुद्धिबळाची दोन्ही फुकट मिळणारी इंजिनं (सर्वोत्तम खेळी शोधणारे प्रोग्राम) गेले आठ महिने मी एकाच मांडणीवर घासतोय. मांडणी बुद्धिबळाची कोडी रचणारे डच रचनाकार फान ब्रुकेलेन यांची. १९८७ साली इंग्लिश खेळाडू जेम्स प्लास्केट यांनी ब्रुसेल्सच्या स्पर्धेत ती ग्रँडमास्टरांपुढे ठेवली आणि सुटली ती माजी विश्वविजेते मिखाईल ताल यांच्याकडून.

पांढरा: राजा डी६, उंट डी१, घोडा जी४, प्यादी डी७, जी३. काळा: राजा एच७, उंट बी४, घोडे ए६, जी५, प्यादी सी३, सी५, ई३, एच६. खेळी पांढऱ्याची. (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.)

घोड्याचे दोन शह, एफ६ आणि एच५ वरून, काळ्या राजाला जी६ वर आणतात. मग उंटाचा सी२ वरून शह आणि एच५ चा घोडा सोडून द्यायचा. तो मारला की डी८ वर वजीर, लगेच एफ७ वर काळ्या घोड्याचा फोर्क (राजा आणि वजीर दोघांवर एकदम हल्ला), वजीरही गेला. पांढरा राजा मात्र ई६ वरून एफ५ वर येतो, आणि सगळं इथेच आहे. एच५ वरच्या काळ्या राजाला जी४, जी५, जी६ बंद, एच४ जी३ च्या प्याद्याने बंद, एच६ वर त्याचंच प्यादं. आता उंटाचा शह लागला की मात. ते टाळायला काळा ई१ आणि सी१ वर वजीर न घेता घोडे घेतो! शेवटी त्याचे चार घोडे आणि उंट, समोर पांढऱ्याचा एक उंट आणि एक प्यादं, तरी मात पांढराच करतो. हे पहिल्यांदा उलगडलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

स्टॉकफिश हे सोडवतं, पण वेळ घेतं. शह नाही, मारामारी नाही अशा बऱ्याच खेळी ते कमी खोलीपर्यंत तपासतं. त्याचा वेग त्यातूनच येतो, आणि राजाची एफ५ ही नेमकी तशी खेळी. एफ५ नंतरची मांडणी हाती दिली की काही सेकंदांत मात दाखवतं.

लीला रात्रभर चालवूनही माझ्याकडे उत्तरापर्यंत एकदाही पोचली नाही. कुठली खेळी तपासण्यालायक, याचा अंदाज तिचं न्यूरल नेटवर्क आधी बांधतं, आणि घोडा-वजीर दोन्ही घालवणारी वाट तिथेच मागे पडते. लीलाला वेग ग्राफिक्स कार्डावर मिळतो आणि माझ्या लॅपटॉपला ते वेगळं नाही, तेही धरायला हवं. शांत, पोझिशनल डाव समजून घ्यायला मी आजही आधी लीलाच उघडतो.

एंडगेम टेबलबेस (थोडी मोहरी उरलेल्या मांडण्यांची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) लावून बघण्यात अर्थ नाही. इथे १३ मोहरी आहेत, पूर्ण टेबलबेस ७ पर्यंतचेच.

पहिले दोन महिने मी चुकीची चाचणी घेत होतो. दर वेळी हॅश, म्हणजे इंजिनाची तात्पुरती स्मृती, पुसायला हवा, नाहीतर इंजिनाला आधीचं आठवतं आणि वेळ खोटी लागते. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी समांतर चालणारे शोध, एकापेक्षा जास्त ठेवले तर त्याच मांडणीला आज एक वेळ, उद्या दुसरी. आता मी एकच थ्रेड ठेवतो, इंजिनांची तुलना त्यावरच करतो. डावांच्या विश्लेषणाला मात्र सगळे थ्रेड लावतो.