कॅम्पर ईको, पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत: सगळं ठीक, चार्जिंगची वायर सोडून

मारुती ईकोच्या मागे पलंग आणि फ्रिज बसवून घेणार असाल, तर लाकूडकाम, पडदे, लाईट सगळं नंतर बघा. आधी विचारा, गाडीच्या पुढच्या बॅटरीपासून मागच्या चार्जरपर्यंत वायर किती एमएमची (म्हणजे किती चौरस मिलिमीटर जाडीची) ओढणार? माझ्या गाडीत ४ एमएमची निघाली. लाखांच्या कामात दीड-दोन हजारांची वायर वाचवली, आणि त्यापायी फ्रिजसाठी मागे बसवलेली १०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो ते) लिथियम बॅटरी अर्धपोटी राहिली.

सातारा ते बामणोली सुमारे दीड तास. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालू इंजिनाच्या विजेवर मागची बॅटरी भरणारा) एवढ्या वेळात ३० एएच भरतो, म्हणजे ३० लिटरच्या फ्रिजची जवळपास दिवसभराची सोय. प्रत्यक्षात १० एएचसुद्धा पडत नव्हते. काम करून देणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: बॅटरी कमजोर आहे, नवी घ्या. बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला की दोन मिनिटांत कळतं. पुढच्या बॅटरीवर १३.८ व्होल्ट, चार्जरच्या इनपुटला १२.७.

हिशोब सरळ आहे. २० अँपिअर द्यायला चार्जर इकडून २५ अँपिअर ओढतो. ४ एमएमच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण ४.६ मिलीओम. जाऊन-येऊन ८ मीटर धरा, ०.९ व्होल्ट वायरीतच गेले. उरलेले पक्कडीने दाबलेल्या लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या टोपणात) आणि पत्र्याच्या रंगावरच आवळलेल्या बॉडी अर्थमध्ये (निगेटिव्हच्या जोडणीत). इनपुट पडला की चार्जरला वाटतं इंजिन बंद झालं, तो थांबतो. लोड गेला की व्होल्टेज वर येतं, तो परत चालू होतो. वाटेतल्या कासच्या चढाला पावसात वायपर, हेडलाईट, ब्लोअर सगळं लागलेलं असताना हा खेळ सतत चालतो, आणि चार्जरवरचा हिरवा दिवा बघून आपल्याला वाटतं, भरतेय.

उपाय: १६ एमएमची वेल्डिंग केबल, तांब्याचीच. ॲल्युमिनियमचीही विकतात, टोक सोलून बघून घ्या. निगेटिव्हलाही तीच केबल वेगळी ओढा, बॉडीवर भिस्त नको. लग हायड्रॉलिक यंत्राने दाबलेले, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). ४० अँपिअरचा फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात हवा, एकीकडे लावून भागत नाही, कारण शॉर्ट झालं तर करंट दोन्हीकडून येतो. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग). ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून केबल सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, कडेने घ्या. एवढं केल्यावर इनपुट १३.५ राहतो आणि चार्जर मध्ये एकदाही थांबत नाही.

छतावरच्या १०० वॅट पॅनेलबद्दल मत बदललं. कासच्या फुलांच्या हंगामात, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, धुक्यात तो जेमतेम ३-४ एएच देतो, तेव्हा पैसे वाया गेले असं वाटलं होतं. पण बोटीने वासोटा किल्ल्याला जाताना गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बामणोलीत उभी असते, आणि थंडीतल्या स्वच्छ उन्हात पॅनेल २५-३० एएच भरून देतो. फ्रिज दिवसाला ३०-३५ खातो. परत येईपर्यंत बॅटरी होती तिथेच. पॅनेल जरूर घ्या, फक्त सावलीत गाडी लावू नका.

वासोट्यासाठी ओळखपत्र, वनखात्याची परवानगी आणि बोट. शिवसागर जलाशय ओलांडायलाच मोठा वेळ जातो आणि संध्याकाळच्या आत परतायचं असतं, म्हणून पहिल्या बोटी गाठा. तपासणीला प्लास्टिक मोजतात, तेव्हा स्टीलच्याच बाटल्या न्या. गडावर मुक्काम चालत नाही. कासच्या पठारावर गाडीत झोपायचा विचारही करू नका. २०१२ पासून जागतिक वारसा असलेली ती जागा आहे, तिथल्या मातीचा थर पातळ आहे आणि चाकांनी तो उखडतो. बामणोलीत कुणाच्या अंगणात विचारून उभं राहा, पैसे द्या, संडासाची सोयही होते.

चांदोली राष्ट्रीय उद्यानाला पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, वारणावती. उद्यान पावसाळ्यात बंद, आणि आत स्वतःच्या गाडीत मुक्काम नाही, त्यामुळे बाहेरच राहायचं. एप्रिलच्या उन्हात फ्रिज ४५-५० एएचवर जातो. जुन्या वायरिंगवर तिथे दुसरी रात्र निघालीच नसती.

पलंगाखालच्या प्लायला पावसाळ्यात बुरशी येते. गादी आणि प्लाय यांच्यामध्ये पट्ट्यांची जाळी हवी. फ्रिज, चार्जर उत्तम. सीट काढून रचना बदलणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आधी घ्या, नाहीतर विम्याच्या वेळी अडतं.

आणि कोटेशनमध्ये नुसतं 'वायरिंग' असा एक आकडा असेल तर ॲडव्हान्स देऊ नका. वायर किती एमएम, किती मीटर, फ्यूज किती आणि कुठे, हे लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना इंजिन चालू, चार्जर चालू, दोन्ही टोकांचं व्होल्टेज समोर मोजायला लावा. फरक ०.४ व्होल्टच्या वर असेल तर शेवटचा हप्ता थांबवा.