फिशिंग शिकलो मंगळवारी, गळाला लागलो शुक्रवारी

सांगायला लाज वाटते पण सांगतो, कारण आमच्याच वर्गातली अजून दोघं यात गेलीत आणि ती गप्प आहेत. मी पुण्यात एसवायला, या सेमला सायबर सिक्युरिटीचा बेसिक पेपर आहे. मंगळवारी मॅडमनी फिशिंग, म्हणजे खोट्या मेसेज-लिंकने फसवणं, घेतलं, फळ्यावर एका साइटचा खोटा पत्ता लिहिला आणि म्हणाल्या पत्त्याचा शेवट आधी वाचायचा, सुरुवात नाही. मी वहीत त्याला चौकट पण केली.

शुक्रवारी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. डीपी मॅडमचा, नाव मॅडमचं, नंबर तेवढा वेगळा, पण नंबर बघतो कोण. (ग्रुपची इन्व्हाइट लिंक कुणा शहाण्याने इन्स्टाच्या बायोत टाकली होती, हे नंतर कळलं.) सर्टिफिकेट परीक्षेचं व्हाउचर आपल्या कॉलेजला अर्ध्या किमतीत, १,४९९ रुपये, फक्त आज रात्री ८ पर्यंत. लिंक उघडली तर कॉलेजचा लोगो, प्रिन्सिपल सरांचा फोटो, वर कुलूप सुद्धा. आता कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधला कोणी वाचू शकत नाही, पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप असतंच, हेही शिकवलेलं बरं का. पत्ता कॉलेजच्या नावाने सुरू, मग डॅश, एक्झाम, आणि शेवटी नुसतं डॉट इन. आमच्या कॉलेजचं खरं ए सी डॉट इन आहे, ते शिक्षणसंस्थांनाच मिळतं, नुसतं डॉट इन तुम्ही आम्ही कोणीही घेऊ शकतो.

पैसे भरले, स्क्रीनवर 'पेमेंट फेल'. दोन मिनिटात फोन, एक बाई, आवाज इतका मायाळू की विचारू नका, "अरे बाळा घाबरू नको, रिफंडचा क्यूआर पाठवते, स्कॅन कर आणि पिन टाक." मी तो रूमीच्या लॅपटॉपवर उघडून स्कॅन केला आणि टाकला पिन. अजून २,९९८ गेले. यूपीआय पिन पैसे जायला लागतो, यायला नाही, हे आमच्या मेसच्या काकूंना पण माहितीये!

रूमी म्हणाला, "रिफंडला पिन?" तेव्हा कुठे पोटात गोळा आला. रागात मी चॅटच डिलीट केला, हा दुसरा गाढवपणा, नशीब ग्रुपमधल्या एकीकडे स्क्रीनशॉट होते. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावेपर्यंत ४० मिनिटं गेली. त्यांनी दोन्ही पेमेंटचे १२ आकडी यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो तो), वेळ, बँक विचारली, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरली, बँकेलाही कळवलं. २,९९८ समोरच्या खात्यात होल्ड झाले, हातात अजून आलेले नाहीत. १,४९९ तोवर पुढच्या खात्यात सरकून काढून पण झाले होते.

त्या साइटचं हूइज, म्हणजे पत्ता कधी नोंदवला त्याची माहिती, काढलं तर डोमेन (तो पत्ता) जेमतेम ६ दिवसांचं.

सोमवारी मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत, वही मागितली, पान उलटत उलटत त्या चौकटीवर आल्या आणि वही तशीच उघडी माझ्यासमोर ठेवली.