फाइली परत काढून पाहिल्या तेव्हा: क्लाउड स्टोरेजचे अकरा महिने

बाबांच्या वह्यांची ४१२ पानं स्कॅन करून मी एका हार्ड डिस्कवर ठेवली होती. एका सकाळी ती डिस्क टकटक आवाज करू लागली आणि दुपारपर्यंत बंद पडली. ताईच्या पेनड्राइव्हमध्ये जुनी प्रत होती म्हणून ३८० पानं वाचली, उरलेली पुन्हा स्कॅन करत बसले. त्याच आठवड्यात क्लाउडवर जागा घ्यायचं ठरवलं. त्याला आता अकरा महिने झाले. चार सेवा वापरून पाहिल्या, एक ठेवली.

सुरुवातीला मीही फुकट जागा किती, हेच बघत होते. गूगल ड्राइव्ह १५ जीबी देतं, पण जीमेल आणि फोटो त्यातच बसवावे लागतात. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी ५, ड्रॉपबॉक्स २. माझा पसारा १८० जीबीचा. फुकटच्या जागेत सेवा पारखून घेता येते, संसार मांडता येत नाही. गूगल फोटोजमध्ये फोटो मोजले जात नाहीत असं अजूनही काहीजण धरून चालतात. ती सवलत १ जून २०२१ला संपली.

अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर १८० जीबी चढायला सलग ४० तास लागतात. रात्री लॅपटॉप बंद, मध्येच नेट गेलेलं, असं करत मला सहा दिवस लागले. एक सेवा इथेच सोडली: नेट तुटलं की मोठा व्हिडिओ पहिल्यापासून पुन्हा चढवायला घ्यायची.

चौथ्या महिन्यात लॅपटॉपवर जागा हवी म्हणून एक जुना फोल्डर काढून टाकला. क्लाउडवर आहेच, असं मनात. पण तो सिंक होणारा फोल्डर होता, त्यामुळे क्लाउडवरूनही गेला आणि फोनवरूनही. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं, आणि त्यात पुसणंही आलं. माझ्या लक्षात आलं तो एकोणिसावा दिवस होता. कचरापेटीत फाइली ३० दिवस राहतात म्हणून परत मिळाल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवते आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवते. जाणकार ३-२-१ म्हणतात ते हेच: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

त्या प्रसंगानंतर मी प्रत्येक सेवेची एकच परीक्षा घेतली. ठेवलेलं जसंच्या तसं परत मिळतं का? वह्यांचा अख्खा फोल्डर ब्राउझरमधून उतरवून घ्यायचा आणि उघडून बघायचा. एका सेवेनं झिप फाइल दिली, म्हणजे सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं. ती उघडली तर ‘वही ३ पान ०१२’ या नावाच्या जागी ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेले रोमन एन यांची रांग. ४१२ फाइली, एकीचंही नाव वाचता येईना. आतली चित्रं शाबूत होती, पण कोणतं पान कुठलं ते नावावरूनच कळणार होतं.

कारण शोधलं ते इथे लिहून ठेवते, मराठीत नावं देणाऱ्यांना उपयोगी पडेल. यूटीएफ-८ ही संगणकात अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे ‘वही’ हा शब्द नऊ बाइटांचा. झिप बनवताना ‘नावं यूटीएफ-८मध्ये आहेत’ अशी खूण आत ठेवावी लागते. ती नसली की उघडणारा प्रोग्रॅम जुनी अक्षरसारणी लावतो आणि प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर करून टाकतो. त्याच सेवेच्या संगणकावरच्या ॲपमधून तोच फोल्डर उतरवला तेव्हा नावं नीट आली. लिनक्स या संगणक-प्रणालीवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. लांबलचक नावं द्यायची माझी सवय मी मोडली.

गूगल डॉक्समध्ये लिहिणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये त्या लेखाची जी फाइल दिसते, तो नुसता दुवा असतो. ती डिस्कवर कॉपी केली तरी मजकूर सोबत येत नाही. वर्ड किंवा पीडीएफ करून घ्यावा लागतो.

शेवटी मी वनड्राइव्ह ठेवलं. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या फॅमिली योजनेत सहा जणांना प्रत्येकी १ टीबी मिळतं आणि एकाच्या फाइली दुसऱ्याला आपोआप दिसत नाहीत. अख्खं ड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणाला परत नेता येतं. फाइलपुढची खूणही आता अंगवळणी पडली आहे: निळा ढग म्हणजे फाइल फक्त ऑनलाइन, हिरवी खूण म्हणजे लॅपटॉपवर उतरलेली. प्रवासाला निघण्याआधी मी ते रंग बघतेच.

खासगीपणाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. प्रोटॉन ड्राइव्ह या सेवेत सगळं मुळातच एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे आपल्याशिवाय कोणालाही, कंपनीलाही, वाचता येत नाही असं कुलूपबंद, आणि ते चांगलंच आहे. पण तिथे पासवर्ड आणि रिकव्हरीची सोय दोन्ही हरवली तर कंपनीही फाइल उघडून देऊ शकत नाही. घरातल्या सगळ्यांनी बघायच्या फोटोंसाठी ती जोखीम मला नको वाटली. ओळखपत्रं आणि बँकेचे कागद तेवढे क्रिप्टोमेटर या फाइली कुलूपबंद करणाऱ्या ॲपच्या तिजोरीत बंद करून मग वनड्राइव्हवर टाकते. दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) मात्र सगळीकडे चालू केली आहे. ड्रॉपबॉक्सवरून २०१२मध्ये चोरीला गेलेल्या माहितीत ६ कोटी ८० लाखांहून जास्त खाती होती, हे २०१६मध्ये उघड झालं, हे वाचल्यावर आळस करवला नाही.

बाबा गेल्यावर त्यांचं ईमेल खातं आम्हाला उघडता आलं नाही. सहा महिने पत्रव्यवहार केला, काही हाती लागलं नाही. त्यात त्यांनी स्वतः काढलेले फोटो होते. म्हणून माझ्या गूगल खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ भरून ताईचं नाव दिलं आहे. खातं किती दिवस वापरात नसलं की तिला कळवायचं, ते ३ ते १८ महिन्यांत आपण ठरवतो. मी ३ ठरवलेत. क्रिप्टोमेटरच्या तिजोरीची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड हरवला तर चालणारी किल्ली, कागदावर लिहून तिच्याकडे दिली आणि तिच्या लॅपटॉपवर तिला एकदा स्वतः उघडायला लावली. पहिल्या खेपेला एक अक्षर चुकलं, दुसऱ्यांदा उघडली.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. ती मी भरणार आहे, आणि त्याआधी वह्यांचा फोल्डर पुन्हा एकदा उतरवून बघणार आहे.