यूएफ स्किड, 8 महिन्यांनंतर: पोटातले 3 लिटर

आमचं यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) स्किड म्हणजे एन्झाइमचं द्रावण गाळून घट्ट करणारं मशीन. गेल्या महिन्यात त्याचा फ्लक्स, म्हणजे मेम्ब्रेनमधून गाळून निघण्याचा वेग, निम्म्यावर आला, सर्व्हिसवाल्याशी फोनवर जुंपली, म्हणून लिहायला बसलोय. युनिट शिरोली एमआयडीसीत. बॅसिलस जिवाणूपासून अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, काढतो. बराचसा माल इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांकडे जातो, कापडाची खळ उतरवायला. मेम्ब्रेन, म्हणजे गाळणीचा पडदा, 10 किलोडाल्टनची (साधारण त्याहून मोठे रेणू अडवते), स्पायरल, म्हणजे गुंडाळलेली. एन्झाइम 55 किलोडाल्टनच्या आसपासचं, त्यामुळे ते आत राहतं. पाणी, मीठ, साखर पर्मिएटमधून, म्हणजे गाळून निघालेल्या पाण्यातून, बाहेर. फिल्टर प्रेसमधून आलेलं 500 लिटर ब्रॉथ (जिवाणू वाढवलेलं द्रावण) 50 लिटरवर येतं. कामाला चोख, वाद नाही.

वाद आहे तो ड्रेनचा. सगळ्यात खालचा पाइप ड्रेनच्याही चार बोटं खाली! बॅच संपली की पंप, पाइप, हाउसिंग मिळून 3 लिटर माल आतच. आणि हे काय पाणी नव्हे, दहापट घट्ट झालेला माल. म्हणजे 30 लिटर ब्रॉथमधलं एन्झाइम दर बॅचला गटारात. शेवटी ऑपरेटर पान्यानं खालचा क्लॅम्प सैल करून कोऱ्या चहासारखी धार पातेल्यात धरायला लागला. लाखांचं मशीन आणि खाली घरचं पातेलं!

आता फ्लक्सचं. कॉस्टिक सोड्यानं दोनदा धुतलं, तरी नुसत्या पाण्याचाही फ्लक्स पहिल्यासारखा येईना. मेम्ब्रेनच भिकार, असं मी ठरवून टाकलं होतं. सर्व्हिससाठी पुण्याहून आलेल्या पोरानं एकच विचारलं, “साहेब, फेस मारायला फर्मेंटरमध्ये काय टाकता?” सिलिकॉन. स्वस्त मिळतं म्हणून मीच आणलेलं. त्याचे बारीक थेंब मेम्ब्रेनवर बसतात आणि कॉस्टिकला दाद देत नाहीत. तेव्हा फोनवर जे बोललो ते मागे घेतो. आता पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतो, तेही फेस चढला तरच. ते गारव्यात विरघळतं, तापलं की वेगळं होतं, म्हणून टाकी गार ठेवायची. एन्झाइमलाही तेच मानवतं. व्हिजिटचे पैसे मात्र त्यांनी सोडले नाहीत.

ड्रेनवर त्या पोराचा उपाय: शेवटी पर्मिएट आत ढकलून माल बाहेर काढा. ढकलून बघितलं. माल निघतो, पण पातळ होतो, आणि गिऱ्हाईक स्ट्रेंग्थ बघून भाव करतं. अखेर उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडून खालच्या पाइपला व्हॉल्व्ह वेल्ड करून घेतला. 3 लिटरचं पाऊण लिटर झालं. कंपनी म्हणते, वॉरंटी गेली. जाऊ दे. पातेलं घरी परत नेलं, तर सौ.नी ते स्वयंपाकघरात घेतलं नाही.