सोलापुरातला भुतांचा वॉक, पोरांसकट

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना कुठं न्यायचं हा आमच्याकडं दरवर्षीचा प्रश्न. हुतात्मा बाग झाली, सिद्धेश्वर झालं, माळढोक दिसेल म्हणून नान्नजला गेलो तर काळवीट बघून परत आलो. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हा भुतांचा वॉक टाकला, संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूनं चालत चालत भुताच्या गोष्टी, खाली मोठ्या अक्षरात 'फॅमिली फ्रेंडली'. मोठ्यांना ३००, बारा वर्षांच्या आतल्यांना १५०. आमचे हे म्हणाले भुतं बघायला पैसे कशाला, ऑफिसात फुकट दिसतात, आणि घरीच राहिले. मग मी, सासूबाई, माझी दोन पोरं (मुलगा अकरा, मुलगी सहा) आणि पुण्याहून आलेला नणंदेचा मुलगा, एवढे गेलो.

वॉक चांगला आहे, पोरांना न्या, पण शेवटच्या दहा मिनिटांबद्दल माझी मोठी तक्रार आहे, ती खाली लिहिलीय, नेणार असाल तर तेवढं तरी वाचाच.

सुरुवात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी, साडेसहाला. तिथंच मला गाईड आवडला. पंचविशीतला मुलगा, अंगावर काळाबिळा झगा नाही, साधा शर्ट, खांद्याला पिशवी. नणंदेच्या मुलानं पहिलाच प्रश्न टाकला, "यांची भुतं आहेत का इथं?" मला वाटलं आता हा काहीतरी मसाला लावणार. तर तो सरळ म्हणाला, नाही, आणि यांच्यावर आपण भुताची गोष्ट सांगत पण नाही. मग मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा अशी चारही नावं पोरांकडून म्हणून घेतली, १९३० च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला होता ते सांगितलं, आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली ती येरवड्यात, सोलापुरात नाही, हे पण. पाच मिनिटांत आटोपलं. शाळेत दरवर्षी भाषणं ऐकून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते पोरांच्या डोक्यात राहिलं, आणि कुठल्या गोष्टीत भूत घालायचं नाही हे त्या मुलाला कळतंय हे बघून मला बरं वाटलं.

तिथून किल्ल्याकडं. एक लक्षात ठेवा, किल्ल्याच्या आत नेत नाहीत. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, संध्याकाळी दार बंद होतं, त्यामुळं जे काय ते बाहेरून, खंदकाच्या कडेनं. आधी नीट लिहिलं नसल्यानं आमच्या ग्रुपातले एक काका पहिली पंधरा मिनिटं त्यावरच कुरकुरत होते. खरं म्हणजे बाहेरूनच किल्ला भारी दिसतो, दुहेरी तट, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, आणि अंधार पडायच्या वेळेला तटातून वटवाघळं निघतात ती अशी निघतात की माझी लेक माझ्या ओढणीच्या आत. इथं गाईडनं बुरुजाची गोष्ट सांगितली, बांधला की ढासळायचा, मग कुणाचातरी बळी दिला आणि रात्री तिथून रडण्याचा आवाज येतो वगैरे. सांगून झाल्यावर स्वतःच म्हणाला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या निम्म्या किल्ल्यांना लावलेली आहे, गावाचं नाव बदलायचं फक्त. मग पोरांना विचारलं, तळ्याच्या काठाला, ओल्या जमिनीवर एवढा जड दगडी बुरुज बांधला तर काय होईल? माझा मुलगा म्हणाला खचेल. बरोबर, म्हणे, पाया खचतो हे सांगायला भूत लागत नाही, पण भूत घातलं की गोष्ट चारशे वर्षं टिकते.

नणंदेच्या मुलाला हे काही पटेना. आमच्याकडं शनिवारवाड्यात खरं भूत आहे, 'काका मला वाचवा' ओरडतं, असं त्याचं चाललं होतं. गाईडनं त्यालाच पुढं बोलावून गोष्ट सांगायला लावली, आणि मधेमधे भर घालत गेला, खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, नारायणराव तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. पुणेकर खूश. सोलापूरचं पोरगं मागून बारीक आवाजात, "एवढं मोठं पुणं आणि भूत एकच काय बे?" सगळे हसले.

पुढं पिंपळाखाली मुंजा. इथं सासूबाईंनी ताबा घेतला. गाईड म्हणाला मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, तर सासूबाई म्हणतात तसं नाही बाळा, सोडमुंज व्हायच्या आधी गेला तर मुंजा. दोघांची भर रस्त्यात चर्चा, बाकीचे आम्ही उभे. शेवटी तो म्हणाला आजी, तुमचंच खरं धरू, आणि पिशवीतून पिंपळाचं पान काढून पोरांच्या हातात दिलं. देठ बघा केवढा लांब आणि लवचिक, म्हणून बाकीची झाडं गप्प असली तरी जराशा वाऱ्यानं पिंपळ सळसळतो, आणि खालून जाणाऱ्याला वाटतं वर कोणीतरी आहे. मुलीनं ते पान दोन बोटांत धरून फिरवत फिरवत घरापर्यंत आणलं. मग मोबाईलवर गव्हाणी घुबडाचा आवाज लावला. तुम्ही ऐकला नसेल तर ऐकू नका, चिरका, घसा फाडून ओरडल्यासारखा, बाईच ओरडतेय असं वाटतं. पांढरं तोंड, आणि उडताना पंखाचा आवाज नाही, आता सांगा जुन्या वाड्यात हडळ कोणी बघितली असेल. आवाज लावायच्या आधी मात्र त्यानं सांगितलं, आता एक भीतीदायक आवाज येणार आहे, ज्यांना नको त्यांनी कानावर हात ठेवा. हे तो दरवेळी करायचा. पोरांना भीती कधी येणार हे कळलं की ती मजा घेतात, हे या मुलाला कुणी शिकवलं माहीत नाही पण शंभर टक्के मार्क.

आमच्या पोरांना सगळ्यात आवडलं ते होम मैदान. गड्ड्याच्या यात्रेला पाय ठेवायला जागा नसते ते हेच मैदान, एरवी संध्याकाळी अर्धं रिकामं असतं. इथं चकव्याची गोष्ट झाली, माणूस रात्री शेतातून घराकडं निघतो आणि चालून चालून परत त्याच बाभळीपाशी येतो, मग खाली बसायचं, थोडा वेळ थांबायचं, उजाडलं की वाट दिसते. गोष्ट संपल्यावर पिशवीतून रुमाल निघाले. एकेका पोराचे डोळे बांधायचे आणि सांगायचं, समोर सरळ चालत जा, मोबाईलचा टॉर्च लावून मी उभा आहे तिथपर्यंत. एकही पोरगं सरळ गेलं नाही! माझा मुलगा छाती काढून निघाला आणि मोठा गोल काढत आम्ही उभे होतो तिथंच जवळपास आला, रुमाल काढल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. डोळ्यांना खूण नसली की आपण सरळ चालतोय असंच वाटत राहतं आणि पाय वळत जातात, भूत वगैरे काही नाही, हे त्याला स्वतःच्या पायांनी कळलं. मग सगळे बाप लोक पण लाईनीत उभे राहिले. ते मघाचे कुरकुरे काका सगळ्यात जास्त वाकडे गेले.

तळ्याच्या काठावर बसवून हाकामारी. रात्री दारात येऊन ओळखीच्या आवाजात नावानं हाक मारते, ओ दिली की संपलं. आमच्या सासूबाईंचं माहेर कर्नाटकातल्या इंडीचं, त्या लगेच म्हणाल्या आमच्याकडं दारावर 'नाळे बा' लिहायचे, उद्या ये म्हणून, म्हणजे ती वाचून परत जाते, दुसऱ्या दिवशी परत तेच वाचते, असं जन्मभर. ग्रुपात पूर्व भागातलं एक तेलुगू कुटुंब होतं, त्यांची आजी म्हणाली आमचं 'रेपु रा'. मग दोन्ही आज्या एकमेकींच्या शेजारी सरकून बसल्या आणि गाईड बिचारा गप्प. एक हाकामारी सोलापुरात यायची तर तिला मराठी, कन्नड, तेलुगू, दख्खनी सगळं वाचता यायला पाहिजे, नाहीतर शिरली चुकीच्या घरात. पोरांना एकेक खडू मिळाला. आमच्या फ्लॅटच्या दारावर तेव्हापासून 'उद्या ये' आहे. पेपरवाला बिल मागायला आला तेव्हा त्यानं वाचलं आणि खरंच दुसऱ्या दिवशी आला.

गिरणीच्या भोंग्याची गोष्ट मात्र पडली. जुनी गिरणी बंद पडलेली आणि मध्यरात्री भोंगा वाजतो, पाळीवर निघालेले कामगार दिसतात, अशी. मोठ्यांच्या अंगावर काटा आला पण पोरांना भोंगा म्हणजे काय तेच माहीत नाही. सासूबाईंचे काका गिरणीत होते, त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं, भोंग्यावर चूल पेटायची, हे त्यांनी घरी आल्यावर सांगितलं ते पोरांनी जास्त लक्ष देऊन ऐकलं. आयोजकांना एक सुचवते, ही गोष्ट सांगायच्या आधी भोंग्याचा आवाज तरी ऐकवा, घुबडाचा ऐकवता तसा.

अजून एक गोष्ट नोंदवण्यासारखी. ग्रुपातल्या एका बाईंनी विचारलं, पोरगं रात्री दचकतं, कुणी उतरवून देणारं ओळखीचं आहे का. गाईड हसला नाही. म्हणाला ताई, आधी डॉक्टरला दाखवा, आणि भूत काढतो म्हणून कुणी मारहाण केली किंवा पैसे उकळले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसांत जा. भुतांचा वॉक विकणारा माणूस हे बोलतो म्हणजे विशेषच. आमच्या ह्यांनी अंधश्रद्धा पसरवतात म्हणून नाक मुरडलं होतं, त्यांना मी हे आल्या आल्या ऐकवलं.

आता तक्रार. एवढं सगळं छान चालू असताना शेवटी, रिक्षाकडं परत येताना, झाडामागनं पांढरी साडी, केस सोडलेले, तोंडाखाली टॉर्च, असं एक माणूस ओरडत अंगावर आलं. कुणाला आधी सांगितलेलं नाही, कानावर हात ठेवा नाही, काही नाही. मोठी पोरं किंचाळून हसली, पण माझी लेक आणि त्या तेलुगू कुटुंबातलं छोटं असं रडायला लागलं की थांबेनात. त्या 'हडळी'नं लगेच विग काढून सॉरी म्हटलं, चॉकलेट दिलं, पण व्हायचं ते झालं. लेकीला नंतर आठवडाभर बाथरूमला जाताना सोबत लागायची. दीड-दोन तास ज्या मुलानं इतक्या मेहनतीनं पोरांच्या मनातली भीती हाताळली त्याच्या कामावर दहा सेकंदात पाणी. त्यालाही आवडलं नसावं, तोंड पडलं होतं. मी आयोजकांना मेसेज केला तर उत्तर आलं की लोकांना शेवटी थ्रिल लागतं. लागत असेल, मग मोठ्यांचा वॉक वेगळा ठेवा, आणि 'फॅमिली फ्रेंडली' लिहिता तर तिकीट काढतानाच पोरांची वयं विचारा. दुसरं म्हणजे पोरांचे फोटो न विचारता इन्स्टाग्रामवर टाकले होते, सांगितल्यावर काढले, पण विचारायला काय होतं.

तेव्हा नेणार असाल तर बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा, शेवटचा प्रकार आम्हाला नको. ऐकतात, ओळखीच्या एकीनं तसं सांगितलं होतं, त्यांच्या बॅचला नाही केलं. आठ वर्षांच्या पुढच्यांना डोळे झाकून न्या, त्याखालचं पोरगं कसं आहे ते तुम्हालाच माहीत. माझी लेक हडळ येईपर्यंत एकाही भुताला घाबरली नाही, घाबरली ती होम मैदानावरच्या कुत्र्यांना, आणि खरं सांगू, मी पण. हातात काठी असलेला एक माणूस ग्रुपबरोबर असायला पाहिजे. निघायच्या आधी सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणा, वाटेत सोय नाही. तळ्याकाठी डास फोडून काढतात, ओडोमॉस लावूनच जा. बाबागाडी नको, फुटपाथची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात पण ठेवतात म्हणे, पण आपल्याकडं एप्रिल-मे मधे सातला पण जमीन तापलेली असते, थंडीतच जा, फक्त संक्रांतीच्या आसपास नको, गड्ड्यामुळं मैदानच मिळणार नाही. गाईडला माईक द्या रे कुणीतरी, ट्रॅफिकमधे मागच्यांना निम्मं ऐकू येत नाही. शेवटी शेंगापोळी देतात, ती चांगली होती, तुपाशिवाय पण चांगली.

पाचपैकी साडेतीन, हडळ काढली तर साडेचार. अमावास्येला स्पेशल वॉक असतो त्याचं तिकीट दुप्पट आहे, त्याच्या नादी लागू नका, भुतं तीच, रूट तोच, आणि म्युनिसिपालटीचे दिवे अमावास्येला पण चालूच असतात, साध्या शनिवारचं काढा.