आधी कोणता ड्रॅक्युला घ्यावा: १९३१चा की १९५८चा?

जुने व्हॅम्पायरपट डिस्कवर जमवायला निघालेला जवळपास प्रत्येक जण मला हेच विचारतो. बेला लुगोसी ड्रॅक्युला झालेला, अमेरिकेच्या युनिव्हर्सल स्टुडिओचा १९३१चा आधी घेऊ, की ख्रिस्तोफर लीचा, इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा १९५८चा? दोन्ही घ्या म्हणणं सोपं आहे, पण बाहेरून डिस्क मागवायची तर एकदम दोन परवडत नाहीत. शिवाय पहिलीच प्रत खराब निघाली की माणूस या सिनेमांच्या वाटेला पुन्हा जात नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी दोन्ही पहिल्यांदा पाहिले ते भाड्याच्या कॅसेटवर. शनिवारी संध्याकाळी व्हीसीआर घरी यायचा, रविवारी परत जायचा, आणि कॅसेट कितव्या तरी कॉपीची कॉपी असायची. लुगोसीच्या सिनेमात पहिल्यापासून शेवटपर्यंत खरखर. लीच्या सिनेमात लाल रंग ओठांच्या बाहेर फुटलेला, चेहरे गुलाबी. जुने सिनेमे असेच दिसतात, अशी माझी समजूत झाली होती. कितीतरी वर्षांनी नीट डिस्कवर पाहिले तेव्हा कळलं, एकाचा जीव शांततेत आहे, दुसऱ्याचा रंगात. कॅसेटने नेमकं तेवढंच खाल्लं होतं. त्यामुळे सिनेमा कोणता यापेक्षा प्रत कोणती, हे आधी बघा.

टॉड ब्राउनिंगचा १९३१चा ‘ड्रॅक्युला’ आला तेव्हा बोलपट नवे होते. श्रेयनामावलीला ‘स्वान लेक’ या बॅलेच्या संगीताचा तुकडा वाजतो आणि त्यानंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ड्रॅक्युलाकडे पाहुणा म्हणून आलेला रेनफिल्ड किल्ल्यात शिरतो तेव्हा दाराची करकर, लांडग्यांचं ओरडणं, आणि मध्ये नुसती शांतता. लुगोसी हातात मेणबत्ती घेऊन जिना उतरतो, पाहुण्याचं स्वागत करतो आणि वळून पुन्हा वर जायला लागतो. जिन्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं भलंमोठं जाळं आहे. पुढच्या क्षणी तो जाळ्याच्या पलीकडे असतो आणि जाळ्याचा एक धागाही तुटलेला नसतो. मागून येणाऱ्या रेनफिल्डला मात्र ते काठीने फाडावं लागतं. ना सुळे, ना रक्त. तरी अंगावर काटा येतो.

युनिव्हर्सलच्या शंभरीला, २०१२मध्ये, या सिनेमाची चित्रासकट आवाजाचीही साफसफाई झाली. खरखर गेल्यावर लुगोसीच्या दोन शब्दांमधले थांबे ऐकू यायला लागले. त्याची निम्मी भीती त्या थांब्यांत आहे. म्हणूनच कुठलीशी स्वस्तातली जुनी डीव्हीडी घेऊ नका, त्या साफसफाईनंतरचीच प्रत घ्या. संगीतकार फिलिप ग्लासने १९९९मध्ये केलेलं संगीतही या डिस्कवर वेगळ्या ध्वनिपट्टीवर मिळतं. क्रोनोस क्वार्टेट या चार वादकांच्या चमूने ते सुंदर वाजवलं आहे, पण पहिल्या खेपेला ते लावू नका.

उत्तरार्ध ढिला आहे, हे मान्य करायलाच हवं. गोष्ट लंडनला पोचली की दिवाणखाना सुटत नाही. बाहेर हिरवळीवरून कुत्र्यासारखं काहीतरी धावत गेल्याचं एक पात्र खिडकीतून बघून सांगतं, आपल्याला ते दिसत नाही. नाटकाची ही सावली आहे. लुगोसीने १९२७पासून ब्रॉडवेवर हीच भूमिका केली होती. पण नाटकं बघत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला याचा त्रास कमी होईल असं मला वाटतं. पडद्याआड घडलेलं शब्दांतून ऐकायची आपल्याला सवय आहे.

याच डिस्कवर आणखी एक सबंध सिनेमा येतो, आणि माझ्या लेखी या खरेदीतला तो सगळ्यात मोठा फायदा आहे. दिवसा ब्राउनिंगचं युनिट काम करून गेलं की रात्री त्याच सेटवर जॉर्ज मेलफर्डचं युनिट स्पॅनिश आवृत्ती चित्रित करायचं. कार्लोस व्हियारियास काउंटच्या, म्हणजे ड्रॅक्युलाच्या भूमिकेत, लुपिता तोवार नायिका. मूळ सिनेमा पंचाहत्तर मिनिटांचा, हा १०४ मिनिटांचा. जिन्यावरचा तोच प्रसंग बघा. इथे कॅमेरा स्वतः जिना चढून काउंटकडे झेपावतो. कॅमेऱ्याचं काम स्पॅनिशमध्ये सरस आहे, पण व्हियारियास लुगोसीच्या जवळपासही पोचत नाही. एकच खोली, एकच जिना, आणि दोन दिग्दर्शकांच्या दोन नजरा शेजारी ठेवून बघणं घरच्या पडद्यावरच जमतं. थिएटरात कोण दाखवणार?

आता हॅमर. टेरेन्स फिशर दिग्दर्शक, बर्कशरच्या ब्रे स्टुडिओत केलेलं काम, लांबी ८२ मिनिटं. श्रेयनामावलीच्या अखेरीस कॅमेरा तळघरात उतरतो, शवपेटीवर कोरलेल्या नावापाशी थांबतो, आणि वरून त्या दगडावर रक्त पडतं. लालभडक. जेम्स बर्नर्डच्या संगीतात ‘ड्रॅ-क्यु-ला’ हे तीन अक्षरांचं नाव सुरांतच ऐकू येतं. जॅक अॅशरच्या प्रकाशयोजनेमुळे आणि बर्नर्ड रॉबिन्सनच्या नेपथ्यामुळे छोटासा स्टुडिओ श्रीमंत दिसतो. लीची पहिली एन्ट्री जिन्याच्या वरच्या टोकाला, नुसती काळी आकृती. आता हा घाबरवणार असं वाटतं, तर तो झपाझप खाली येतो आणि एखाद्या घरंदाज यजमानासारखा बोलतो. ग्रंथालयातल्या प्रसंगात तोच माणूस रक्ताळलेल्या तोंडाने आणि लाल डोळ्यांनी दारात उभा राहतो. सुरुवातीच्या भागानंतर लीला बोलायला एक वाक्यही नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. समोर पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग, म्हणजे ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला डॉक्टर आहे. शेवटी तो टेबलावरून धावत जाऊन पडद्यावर उडी घेतो, पडदा खाली ओढतो आणि खोलीत उजेड घुसतो. रामसे बंधूंच्या ‘बंद दरवाजा’मधला नेवला नावाचा उंचापुरा रक्तपिपासू आठवत असेल, तर लीकडे बघताना ओळख पटेल.

इथे कुठली डिस्क, हा प्रश्न जास्त अवघड आहे. इंग्लंडच्या सेन्सॉरने कापलेले काही तुकडे टोकियोच्या फिल्म सेंटरमध्ये, १९८४च्या आगीतून वाचलेल्या रिळांत सापडले. मीना या स्त्रीपात्राच्या खोलीतला काउंट आणि शेवटी स्वतःच्या हातांनी चेहऱ्याची कातडी ओरबाडणारा ड्रॅक्युला त्यांत आहेत. २०१३च्या ब्रिटिश ब्लू-रेमध्ये ते पुन्हा जोडलेले आहेत. वॉर्नर आर्काइव्हने २०१८मध्ये काढलेल्या अमेरिकन डिस्कवर ते नाहीत. मात्र ब्रिटिश प्रतीची निळसर छटा अनेकांना खटकते, मलाही खटकली. तरीही मी ब्रिटिशच घ्या म्हणेन. रंग थोडाफार टीव्हीवर जुळवून घेता येतो, कापलेला प्रसंग कुठून आणणार?

आता रीजनचं, म्हणजे कोणत्या देशांची डिस्क कोणत्या प्लेअरवर चालते त्या वाटणीचं बघा. ब्लू-रेच्या वाटणीत भारत सी मध्ये येतो, ब्रिटन बी मध्ये, अमेरिका ए मध्ये. डीव्हीडीसाठी आपला आकडा ५. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘सगळीकडे चालेल’ असं लिहून मला बी छापाची डिस्क पाठवली. आमच्या प्लेअरने ती घेतलीच नाही, पैसेही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मागच्या कव्हरचा फोटो मागितल्याशिवाय मी डिस्क घेत नाही. ब्लू-रेहून जास्त बारकावे दाखवणाऱ्या फोर-के डिस्कला हे बंधन नसतं, आणि लुगोसीचा सिनेमा युनिव्हर्सलच्या २०२१च्या फोर-के संचात आहे. सर्व रीजनचा प्लेअर नसेल तर हा एक मुद्दाच निर्णयाला पुरतो.

‘नोस्फेराटू’ (१९२२) हा त्याहून जुना मूक व्हॅम्पायरपट सगळ्यात स्वस्त मिळतो म्हणून त्याने सुरुवात करू नका. त्याचा दिग्दर्शक मुर्नाउ याने रात्रीचे प्रसंग भर दिवसा टिपले आणि ती रीळं निळ्या रंगात बुडवली. स्वस्त प्रतींत ते रंग उडालेले असतात. परिणामी त्यातला व्हॅम्पायर काउंट ओर्लोक शवपेटी काखोटीला मारून लख्ख उन्हात हिंडताना दिसतो, आणि शेवटी त्याच उन्हाने मरतो. गोष्टच मोडते. मुर्नाउ प्रतिष्ठानने पुन्हा रंगवलेली प्रत मिळेपर्यंत थांबा.

तर, घरातले सगळे मिळून बघणार असाल आणि प्लेअर साथ देत असेल तर हॅमरचा घ्या. तो ८२ मिनिटांत कुठेही रेंगाळत नाही. एकट्याने, सगळे झोपल्यावर बघणार असाल तर लुगोसीचा. मला एकच ठेवायची वेळ आली तर मी लुगोसीची ठेवेन, त्या जिन्यासाठी आणि स्पॅनिश जोडीसाठी.

हॅमर लावण्याआधी टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा, नाहीतर रक्त पुन्हा कॅसेटसारखं फुटेल. आणि लुगोसी लावाल तेव्हा तेवढा वेळ पंखा बंद ठेवा.