नॅसल भाषा: वापरानंतरचा अनुभव आणि अवतरणचिन्हांची तक्रार

नॅसल म्हणजे काय, हे सुरक्षा चाचणी करणाऱ्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. रेनो देरेझाँ यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या, संगणकांतील सुरक्षात्रुटी शोधणाऱ्या नेसस स्कॅनरची ही स्क्रिप्टभाषा; प्रत्येक चाचणी हिच्यातच लिहिलेली असते. २००५ मध्ये नेसस ३ चा कोड बंदिस्त झाला आणि आधीच्या मुक्त कोडमधून ओपनव्हास हे मुक्त स्कॅनर निघाले. तेथेही हीच भाषा चालते. नेससचा दरवर्षीचा परवाना आमच्या लहान कार्यालयाला जड वाटतो, म्हणून आम्ही ओपनव्हास घेतले आणि आमच्या एका अंतर्गत सेवेपुरत्या चाचण्या बाहेरच्या एका संस्थेकडून पैसे मोजून लिहून घेतल्या. त्यांतील एक चाचणी कित्येक महिने काहीच कळवत नव्हती आणि ही शांतता म्हणजे सेवा सुरक्षित असल्याची खूण, असे सर्वांनी धरून चालले होते. परवा मुद्दाम त्रुटी ठेवलेल्या सर्व्हरवर ती चालवून पाहिली, तेव्हाही अहवाल कोराच राहिला.

कारण होते दुहेरी अवतरणचिन्ह. पर्लसारख्या भाषेत दुहेरी अवतरणातील बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ आणि एकेरीतील म्हणजे केवळ दोन अक्षरे. नॅसलमध्ये नेमके उलटे आहे: एकेरी अवतरणातच त्याचा अर्थ लावला जातो, दुहेरीत बॅकस्लॅश जसाच्या तसा पुढे जातो. आमची सेवा ओळ पूर्ण होईपर्यंत उत्तर देत नाही. तिला ओळीचा शेवट कधी मिळालाच नाही, स्क्रिप्ट वाट पाहून थकली, हाती आलेल्या रिकाम्या मूल्यात अपेक्षित शब्द सापडला नाही आणि ती मुकाट्याने संपली. स्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘ओपनव्हास-नॅसल’ या आज्ञेचा केवळ व्याकरण तपासणारा ‘-पी’ पर्यायही यात काही खोट काढत नाही, कारण व्याकरण बिनचूक असते. जुन्या ‘स्ट्रिंग’ फंक्शनमधून दुहेरी अवतरण नेले की मात्र तोच बॅकस्लॅश-एन नवी ओळ होतो! दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट वाचताना हा घोळ अधिकच छळतो.

याच जातीची दुसरी खोड म्हणजे घोषित न केलेला चल. नावात एक अक्षर चुकले तरी भाषा तक्रार करत नाही, मूल्य रिकामे धरते आणि पुढे जाते. सामान्य प्रोग्राममध्ये हे त्रासदायक ठरले असते; सुरक्षा चाचणीत मात्र मौनाचाच अर्थ ‘दोष नाही’ असा घेतला जातो, म्हणून येथे ते धोकादायक आहे.

असे असूनही भाषेविषयीचे माझे मत सुरुवातीपेक्षा बरेच निवळले आहे. प्रत्येक स्क्रिप्टच्या आरंभी येणारा ‘डिस्क्रिप्शन’ भाग मला प्रथम कारकुनी वाटला होता. पण चाचणीचे नाव, तिचा प्रकार, ती कोणत्या चाचण्यांवर अवलंबून आहे आणि तिला कोणता पोर्ट हवा, हे सारे स्कॅनरला त्यातूनच कळते. एका स्क्रिप्टने शोधलेली माहिती सामायिक ज्ञानसाठ्यात जाते आणि दुसरी ती तेथून उचलते, त्यामुळे तेच काम पुन्हा करावे लागत नाही. सर्वांत आवडली ती भाषेची मर्यादा. ‘ओपन_सॉक_टीसीपी’ला पोर्ट सांगायचा असतो, यंत्राचा पत्ता सांगायची सोयच नाही, जोडणी होते ती ठरलेल्या लक्ष्याशीच. बाहेरचे प्रोग्राम चालवणारी फंक्शन्स डिजिटल स्वाक्षरी असलेल्या स्क्रिप्टपुरतीच राखीव आहेत. परक्याने लिहिलेली पायथन स्क्रिप्ट मी अशा निर्धास्तपणे कधीही चालवणार नाही. (अर्थात ‘ओपनव्हास-नॅसल’ला कॅपिटल एक्स पर्याय दिला की स्वाक्षरीची तपासणी बंद होते आणि स्वतःची स्क्रिप्ट लिहिताना सगळे तो सर्रास देतात.)

राहिला त्या संस्थेचा प्रश्न. त्यांचे म्हणणे असे की हा भाषेचा विचित्रपणा आहे, त्यामुळे दुरुस्तीचे शुल्क वेगळे पडेल. विचित्रपणा मलाही मान्य आहे. पण तो माहीत असलेला माणूस मिळावा, यासाठीच तर पैसे मोजले होते. दुरुस्ती दोन अवतरणचिन्हांची होती आणि ती आम्हीच केली. नव्या वर्षाचा करार केलेला नाही. आता कोणतीही नॅसल स्क्रिप्ट स्कॅनरमध्ये घालण्यापूर्वी दुहेरी अवतरणातील बॅकस्लॅश आम्ही ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोधतो आणि त्रुटी ठेवलेल्या सर्व्हरवर तिने आधी दोष दाखवल्याशिवाय तिच्या कोऱ्या अहवालाची नोंद करत नाही.